यू शेपची प्रेग्नन्सी पिलो : बाळंतपणाआधी आणि नंतर वापरून, एमएचा अभ्यास सांभाळून लिहिलेला रिव्ह्यू

ही उशी मी दसऱ्याच्या सेलमध्ये १,८०० रुपयांना घेतली, तेव्हा मला पंचविसावा आठवडा लागला होता. आता बाळ साडेतीन महिन्यांचं आहे आणि उशी अजून घरातच आहे. ब्रँडचं नाव लिहीत नाही, कारण मी बघितलं तेव्हा आठ-दहा ब्रँडच्या उशा साधारण सारख्याच वाटत होत्या, तेच पांढरं फायबर, तोच राखाडी किंवा गुलाबी अभ्रा, त्यामुळे मी जे लिहितेय ते या प्रकारच्या कुठल्याही उशीला लागू पडेल.

आधी माझी परिस्थिती सांगते, कारण रिव्ह्यू वाचताना मला नेहमी प्रश्न पडायचा की लिहिणारी बाई दिवसभर करते काय. मी साताऱ्यात शाळेत शिकवते, म्हणजे पाच-सहा तास उभं राहणं, आणि घरी आल्यावर इग्नू या मुक्त विद्यापीठातून एमए सायकॉलॉजीचा अभ्यास. पहिलं वर्ष होतं. इग्नूच्या असाइनमेंट हाताने लिहायच्या असतात आणि त्यांना ३० टक्के वेटेज असतं, त्यामुळे रोज दोन-अडीच तास खाली मान घालून लिहिणं ठरलेलंच. उभं राहणं आणि बसणं दोन्ही भरपूर, आणि प्रेग्नन्सीत कंबरेला नेमकं हेच दोन्ही झेपत नाही.

दुखणं सुरू झालं ते गौरी जेवणाच्या दिवशी. विसावा आठवडा होता, सकाळपासून ओट्याशी उभी होते, संध्याकाळी हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना वाकून नमस्कार करायला गेले आणि कंबरेच्या खाली, उजव्या बाजूला अशी चमक निघाली की तिथेच भिंतीला धरून उभी राहिले. सगळ्यांनी सांगितलं, होतं असं, पोटुशी बाईची कंबर दुखणारच. आणि ते खोटंही नाही, निम्म्याहून जास्त बायकांना या काळात कंबरदुखी होते. पोट पुढे येतं तसा शरीराचा तोल पुढे जातो, तो सांभाळायला आपण नकळत मागे रेलतो आणि कंबरेचा बाक वाढतो, पोटाचे स्नायू ताणून ढिले पडतात त्यामुळे पुढून आधार कमी होतो, आणि रिलॅक्सिनसारख्या हार्मोन्समुळे ओटीपोटाच्या सांध्यांचे बंध सैल होतात. हे सगळं बाळासाठीच चाललेलं असतं. पण होतं म्हणून सोसायचं हे मला पटलं नाही, कारण सोसत बसले असते तर डिसेंबरचे पेपर गेले असते.

सुरुवातीला उशी न घेता घरातलंच वापरून बघितलं. आईने शिवलेली गोधडी गुंडाळून पाठीमागे, एक साधी उशी गुडघ्यांत, एक पोटाखाली. चालायचं, पण कूस बदलली की सगळं पलंगाखाली. मग ऑर्डर केली.

आता उशीबद्दल. साधारण पाच फूट लांब आहे, माझी उंची पाच फूट एक इंच, मला पुरते, उंच बाईने माप बघून घ्यावी. यू आकाराचा फायदा हा की पोटाला आणि पाठीला एकाच वेळी आधार मिळतो आणि कूस बदलली तरी उशी उचलून दुसऱ्या बाजूला न्यावी लागत नाही. हे फार मोठं काम आहे, कारण माझं सगळ्यात वाईट दुखणं कूस बदलतानाच व्हायचं. पहिल्या रात्री मी दोनदाच जागी झाले, त्याआधी पाच-सहा वेळा व्हायचे. पोट मोठं झालं की उताणं झोपून चालत नाही, गर्भाशयाचा भार मागच्या मोठ्या रक्तवाहिनीवर पडतो, म्हणून २८ आठवड्यांनंतर झोपताना कुशीवरच झोपा असं डॉक्टर सांगतात, आणि पाठीमागे ही एवढी जाड भिंत असली की झोपेत उताणं होणंच अवघड जातं. (मध्येच उताण्या जागे झालात तर घाबरू नका, परत कुशीवर वळा, एवढंच. मला माझ्या डॉक्टर मॅडमनी हे सांगेपर्यंत मी दोन रात्री रडले होते.)

तोटेही आहेत आणि ते कोणी नीट लिहीत नाही. एक तर ती डबल बेडचा दीड माणसाएवढा भाग खाते. नवरा पहिल्या आठवड्यातच खाली गादी टाकून झोपायला लागला, त्याने तक्रार केली नाही पण रात्री हाक मारायची तर वाकून बघावं लागायचं, ते मला आवडलं नाही. ऑक्टोबरच्या उकाड्यात तिच्यात झोपणं म्हणजे घाम, पंखा चारवर ठेवूनसुद्धा. रात्री लघवीला उठायचं तर त्या यू मधून बाहेर यायला एक पाय वर करावा लागतो, आणि ज्यांचं दुखणं माझ्यासारखं मागच्या सांध्यात आहे त्यांना नेमकं तेच नको असतं. नवीन उशीला आठ दिवस केमिकलसारखा वास होता, उन्हात ठेवल्यावर गेला. आणि डोक्याकडचा भाग फार उंच. तीन दिवसांत मान धरली, मग शेजारच्या शिवणकाम करणाऱ्या काकूंकडून शिवण उसवून दोन मुठी फायबर काढून घेतलं आणि परत शिवून घेतली. हे कंपनीने करायला हवं होतं, तिथे चेन दिली असती तरी झालं असतं.

आता खरा उपयोग किती झाला ते सांगते. त्याच महिन्यात माझा रिसर्च मेथड्सचा पेपर वाचून चालला होता आणि स्टॅटिस्टिक्सची असाइनमेंट डोक्यावर होती. उशीच्या पेजवर लिहिलेलं की इतक्या-इतक्या टक्के बायकांना आराम पडला. एरवी मी वाचून खूश झाले असते, पण त्या दिवशी पहिल्यांदा मनात आलं की किती बायकांना विचारलं, कोणाला विचारलं, उशी न वापरणाऱ्यांना किती आराम पडला, काही दिवसांनी आपोआप किती पडला असता. तुलनेला काही नसेल तर त्या टक्क्यांचा अर्थ काय? मला तो क्षण अजून आठवतो. मी बीए करून नऊ वर्षं झाली होती, पाठ करून पास झालेली मुलगी मी, आणि इथे मी न सांगता प्रश्न विचारत होते. एमए करून काय मिळणार असं घरात-बाहेर सगळ्यांनी विचारलेलं, पगार तर लगेच वाढणार नव्हता, त्याचं उत्तर मला त्या उशीच्या पेजवर मिळालं.

मग मी वहीच घातली. रोज सकाळी उठल्यावर आणि रोज संध्याकाळी सातला दुखण्याला ० ते १० मधला आकडा द्यायचा. ० म्हणजे काहीच नाही, १० म्हणजे सहन होत नाही. उशी यायच्या आधीचे दहा दिवस आणि आल्यानंतरचे दहा दिवस. सकाळचा आकडा सरासरी साडेसहावरून साडेचारवर आला. मग अभ्रा धुवायला काढला, दिवाळीच्या आधी अवकाळी पाऊस लागलेला, अभ्रा तीन दिवस वाळेना, उशी तीन रात्री तशीच पडून, तर सकाळचा आकडा परत सहावर. अभ्रा चढवला, परत खाली. म्हणजे मुद्दाम न करता माझा छोटा प्रयोग पूर्ण झाला. मला माहितीये की हे एकाच बाईचं आहे, मला आराम पडावा असं वाटत होतं त्याचाही परिणाम असणार, तरी मला एवढं म्हणता येतं की माझ्या सकाळच्या दुखण्यावर उशीचा फरक पडला.

पण संध्याकाळचा आकडा! तो सातच राहिला. आधीही सात, नंतरही सात. वहीत नसतं लिहिलं तर मला हे कळलंच नसतं, मी उशी भारी आहे किंवा उशी फालतू आहे असं काहीतरी एक म्हणून मोकळी झाले असते. रात्रीचं दुखणं वेगळं आणि दिवसाचं वेगळं होतं, आणि दिवसाच्या दुखण्याला झोपायची उशी काय करणार.

तिथून मी फिजिओथेरपिस्टकडे गेले, मॅडमनीच चिठ्ठी दिली. पाच सिटिंग, प्रत्येकी ५०० रुपये. हा खर्च उशीपेक्षा जास्त झाला, पण मला विचाराल तर आधी हा करा. फिजिओ ताईंनी पहिल्या दिवशी काही व्यायाम दिलाच नाही, फक्त विचारत राहिल्या, जिना चढताना दुखतं का, कूस बदलताना, सलवार घालताना एका पायावर उभं राहिलं की. माझं तिन्हीला हो. मग म्हणाल्या, तुझी नुसती कंबर नाही, मागचा ओटीपोटाचा सांधा आहे, त्यामुळे एका पायावर भार येईल असं काही करायचं नाही, सलवार पलंगावर बसून घालायची, गाडीत आधी बसायचं आणि मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे, अंथरुणातून उठताना गुडघे जोडून आधी पूर्ण कुशीवर वळायचं, मग पाय खाली सोडत हाताने रेटा देऊन उठायचं. एवढ्यानेच आठ दिवसांत फरक पडला. उशीबद्दल त्यांनी एक गोष्ट सांगितली जी पाकिटावर कुठेच नाही, की आधार फक्त गुडघ्यांत नको, घोट्यापर्यंत हवा, नाहीतर वरचा पाय खाली लोंबतो आणि खुब्याला पीळ बसतो. मी महिनाभर चुकीची वापरत होते.

व्यायाम साधेच. भिंतीला पाठ लावून कंबर भिंतीला चिकटवायची आणि सोडायची, मार्जारासन हळूहळू दहा वेळा, कुशीवर झोपून पाय जोडून वरचा गुडघा उघडायचा, आणि रोज अर्धा तास सपाट रस्त्यावर चालणं, साताऱ्यात सपाट रस्ता शोधावा लागतो हा भाग वेगळा. हे मी मला सांगितलं ते लिहिलंय, तुम्ही तुमच्या डॉक्टरांना विचारूनच करा, प्रत्येकीचं वेगळं असतं.

आणि बसणं. ताईंनी माझा बसायचा फोटो मागवला, मी जेवणाच्या टेबलावर पाय अधांतरी ठेवून लिहीत होते. उपाय काय तर पाट! देवघरासमोरचा जुना लाकडी पाट पायाखाली ठेवला, गुडघे खुब्याच्या बरोबरीने आले, कंबरेमागे टॉवेलची गुंडाळी, वही तिरकी राहावी म्हणून खाली इग्नूची दोन जाड पुस्तकं, आणि मोबाइलवर ३० मिनिटांचा टायमर. टायमर वाजला की उठायचं म्हणजे उठायचं, वाक्य अर्धं असलं तरी. वाचायचं असेल तर ओट्याशी उभं राहून, एक पाय आळीपाळीने त्याच पाटावर. दोन आठवड्यांत संध्याकाळचा आकडा सातवरून चारवर आला. खर्च शून्य रुपये.

बेल्टपण घेतला होता, ७०० रुपयांचा, पोटाखालून बांधायचा. उभं राहून शिकवताना दोन तास चांगला वाटायचा, बसलं की गुंडाळून वर यायचा आणि टोचायचा. दिवसभर घालू नका असं मॅडमनी बजावलेलं. शाळेपुरता ठीक.

एक गोष्ट मात्र नीट वाचा. तिसाव्या आठवड्यात एक दिवस कंबर अचानक खूप दुखायला लागली, थोडी वर, बरगडीच्या खाली एका बाजूला, आणि अंगात कणकण. मी उशी नीट लावली नाही म्हणून असेल असं समजून दिवसभर पडून राहिले. संध्याकाळी थंडी वाजून ताप आला आणि लघवीला जळजळ, तेव्हा सासूबाईंनी ऐकलं नाही, रिक्षा बोलावून दवाखान्यात नेलं. युरीन इन्फेक्शन निघालं, किडनीपर्यंत चाललेलं, अँटिबायोटिक्स लागली, दोन दिवस ॲडमिट. तर ताप, लघवीची जळजळ, अंगावरून जाणं, पाणी जाणं, ठरावीक वेळाने येऊन जाणारी कळ, पायात बधिरपणा किंवा लघवीवरचा ताबा जाणं, यातलं काहीही असेल तर तो उशीचा, व्यायामाचा प्रश्न नाही, त्याच वेळी डॉक्टरांकडे जा. आणि दुखतंय म्हणून मेडिकलमधून मनाने पेनकिलर आणू नका, आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या या काळात चालत नाहीत, पॅरासिटामॉलसुद्धा विचारूनच.

अभ्यासाचं काय झालं हे बऱ्याच जणी विचारतील, कारण पोटात बाळ आणि हातात फॉर्म अशा बऱ्याच जणी आहेत. मी सुरुवातीला सगळे पेपर डिसेंबरला द्यायचं ठरवलं होतं. त्या ॲडमिटच्या दोन दिवसांत हिशोब केला. इग्नूचं हे एमए कमीत कमी दोन वर्षांत आणि जास्तीत जास्त चार वर्षांत करता येतं, परीक्षा जूनला आणि डिसेंबरला दोन्ही वेळा असते, मग मी एवढी कोणाच्या मागे धावतेय? दोनच पेपर द्यायचे ठरवले, लाइफ स्पॅन सायकॉलॉजी आणि स्टॅटिस्टिक्स. आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी अर्धं बाजूला ठेवलं आणि मला अपराधी वाटलं नाही. आमच्या घरात अभ्यास म्हणजे जागून, पोटाला चिमटा घेऊन करायची गोष्ट. शरीराला विचारून करता येतो हे मला कोणी शिकवलंच नव्हतं. रेग्युलर कॉलेजला असाल तर हेही माहिती असू द्या की यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, डिसेंबर २०२१ मध्ये सगळ्या विद्यापीठांना पदवी आणि पदव्युत्तरच्या मुलींसाठी मॅटर्निटी लीव्ह, हजेरीत सूट, फॉर्मच्या तारखांत सवलत असे नियम करायला सांगितलंय, तर ऑफिसमध्ये जाऊन विचारा, लाजू नका. नोकरीचं म्हणाल तर २०१७ च्या दुरुस्तीनंतर कायद्यात पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवडे पगारी रजा आहे, त्यातले ८ आठवडे डिलिव्हरीच्या आधी घेता येतात, मी ते घेतले आणि पेपर त्याच रजेत बसले.

लाइफ स्पॅनच्या पुस्तकात पहिल्याच भागात जन्मापूर्वीची वाढ आहे. पहिले दोन आठवडे, मग आठव्यापर्यंतचा काळ, मग नवव्यापासून जन्मापर्यंत. मी ते यू उशीत डाव्या कुशीवर पडून वाचत होते आणि ज्याच्याबद्दल वाचतेय तो आतून लाथा मारत होता. साधारण पंचविसाव्या आठवड्याच्या आसपास बाळ आवाजाला प्रतिसाद द्यायला लागतं असं कळल्यावर मी मोठ्याने वाचायला लागले, पियाजे, एरिकसन, सगळे मानसशास्त्रज्ञ. एरिकसनने माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे सांगितलेत, त्यातल्या सातव्याला जनरेटिव्हिटी म्हणतात, म्हणजे पुढच्या पिढीसाठी काहीतरी घडवण्याची ओढ, आणि ती मुलातूनही पुरी होते आणि कामातूनही. मला सगळे सांगत होते की आता बाळ की अभ्यास ते ठरव. मी ते पान सासूबाईंना मराठीत सांगितलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण दुसऱ्या दिवसापासून दुपारी दोन ते चार माझ्या खोलीचं दार त्या बाहेरून लोटून घ्यायच्या आणि आलेल्या माणसाला, ती अभ्यास करतेय, असं सांगायच्या.

पेपरचं सेंटर दुसऱ्या गावी, गाडीने दीड तास, तेहतिसावा आठवडा संपत आलेला. लाकडी बाक, पाठ टेकायला अर्धवट फळी. मी छोटी उशी नेली होती आणि आधीच सुपरवायझर मॅडमना सांगितलं, त्यांनी शेवटच्या रांगेत कडेला बसवलं आणि मध्ये दोनदा उभं राहून लिहू दिलं. पाटाऐवजी पायाखाली बॅग. त्या दिवशी संध्याकाळचा आकडा आठ होता, वहीत लिहिलाय. दोन्ही पेपर सुटले, स्टॅटिस्टिक्सला ७१.

तर उशीला पाचपैकी साडेतीन स्टार. अर्धा स्टार मानेचा, अर्धा उकाड्याचा आणि अर्धा त्या लंबुळक्या आकारातून रात्री बाहेर यायच्या त्रासाचा कापला. पलंग लहान असेल तर सी शेपची बघा, कमी जागा खाते, फक्त कूस बदलताना उचलावी लागते. पैसे मोजकेच असतील तर आधी फिजिओच्या दोन सिटिंगला घाला आणि रात्री घरच्याच तीन उशा लावा, गुडघ्यापासून घोट्यापर्यंत एक, पोटाखाली एक, पाठीमागे एक. आणि दोन्ही परवडत असेल तर दोन्ही घ्या, रात्रीची झोप ही काही चैन नाही.

सध्या ती उशी मी दूध पाजताना कंबरेभोवती घेते, बाळ बरोबर कोपराच्या उंचीला येतं आणि वाकावं लागत नाही, समोर पुस्तक उघडं ठेवता येतं. जूनचा फॉर्म भरलाय, तीन पेपर. घेणार असाल तर जास्तीचा अभ्रा त्याच ऑर्डरमध्ये मागवा, मी नंतर शोधला तर त्या मापाचा मिळाला नाही, शेवटी काकूंकडून जुन्या सुती साडीचा शिवून घेतला आणि तो कंपनीच्या अभ्र्यापेक्षा कितीतरी गार लागतो.